आबांच्या वस्तऱ्याची धार

"एक केस उपट आणि पात्याला टेकव," आबा म्हणाले.

मी डोक्यावरचा एक केस उपटला, दोन बोटांत धरला आणि दुसऱ्या हातातल्या वस्तऱ्याच्या पात्यावर टेकवला. केस वाकला. आणखी टेकवला, आणखी वाकला. तुटायचं नाव घेईना.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग दाखवायला कशाला आणलास?"

ओट्यावर माझ्यासमोर आईचा चहाचा कप पालथा पडला होता. कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते, तिच्यावर मी तासभर वस्तरा घासला होता. चाकूला याच कडेवर पाच मिनिटांत धार येते. विळी मी उंबऱ्याच्या दगडावर लावायचो, कात्री असली तर पॉलिश पेपरचे तुकडे कापत बसायचो. कारखान्यातली माणसं घरातली हत्यारं पिशवीत घालून माझ्याकडं आणायची. धार लावायला मला कुणी शिकवावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

"ह्यानं कांदा कापंल," आबा म्हणाले, "दाढी न्हाई व्हायची. बारक्या दातऱ्या पाडल्यास तू. चाकूला दातऱ्या चालत्यात, त्या धरत्यात. वस्तऱ्यानं धरायचं नसतं, सरकायचं असतं."

"तुम्ही हातात घेऊन तरी बघा."

"हातात घिऊन काय करू? डोळ्यांना दिसतंय की." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात बंडीच्या खिशात घातले आणि आत निघून गेले.

हे सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. आमचं गाव कराडपासून बारा मैलांवर, कृष्णेच्या काठी. आबा म्हणजे हरिबा काशिद, गावचे न्हावी. त्यांच्या आधी त्यांचे वडील, आणि तो शिंगाच्या मुठीचा वस्तराही त्या वडिलांचाच. मी मात्र आयटीआय करून साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागलो होतो, त्यामुळं घरात वस्तरा धरणारा शेवटचा हात आबांचा. वर्षापूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. गुडघे उभं राहू देत नाहीत, म्हणाले.

माझी धाकटी बहीण शालन कोल्हापुरात दिलेली. तिचा विक्रम अकरा महिन्यांचा झाला होता आणि त्याचं जावळ आठ दिवसांवर आलं होतं. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसवतात. मामा मी एकटाच, त्यामुळं त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो केस कुणी काढायचे याचा. शालनचे सासरे रंगराव सूर्यवंशी यांचं कोल्हापुरात फिरत्या खुर्च्यांचं मोठं सलून. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं होऊ दे, पातं बदलायच्या नव्या वस्तऱ्यानं. शालननं ऐकलं नाही. तिचं आणि माझं जावळ आबांनी काढलं होतं, आमच्या दारात, त्याच शिंगाच्या मुठीच्या वस्तऱ्यानं. "माझ्या पोराचं आबा काढतील, नाहीतर राहू दे," असं ती सासऱ्यांच्या तोंडावर बोलली होती. सून असं बोलली हे रंगरावांनी लक्षात ठेवलं. येतो म्हणाले, बघू तुझ्या आबांचा हात.

म्हणजे आठ दिवसांनी आमच्या अंगणात नुसते पोराचे केस निघायचे नव्हते, शालनची सासरी मान वर राहणार की खाली जाणार तेही ठरायचं होतं. आणि अशा वेळी आबा एका सकाळी म्हणाले, "वस्तऱ्याची धार गेलीया. आन् दगड गावंना."

वस्तऱ्याचा तो दगड मी लहानपणापासून बघत आलो होतो. हाताच्या पंजाएवढा, काळपट हिरवा, वापरून वापरून मधे किंचित खोलगट झालेला. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. आबांची धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या सामानाची ती चामड्याची पिशवी, मी अंगणात उलटी केली. कातर, फणी, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, चामड्याचा पट्टा, सगळं निघालं. दगड नव्हता. बंद दुकान उघडून झाडलं. माळा उपसला. आई चुलीपाशी पीठ चाळत बसली होती, ती म्हणाली, "सोड की रं भानू. कशाला घर डोक्यावर घेतोस?"

"शालनला काय सांगू मग? दगड गेला, जावळ गेलं?"

आईनं डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेली.

त्याच सकाळी मी वस्तरा उघडून अंगठा धारेवरून हलकेच फिरवला होता. दुखलं काहीच नाही. जरा वेळानं बघतो तर बोटावर रक्ताची रेघ. मी आबांना म्हणालो, "मला तर चांगली धार वाटतेय."

"बोट कापलं म्हंजे धार झाली व्हय? बोट खिळ्यानंबी कापतं."

मी म्हणालो, "कराडातनं नवा दगड आणतो."

"बाजारचा दगड कोरा असतो. त्यो हाताखाली बसायला दोन वर्सं लागत्यात."

"मग शेजारच्या गावच्या गणपा नानांचा मागून आणतो, दोन दिवसांसाठी."

"दुसऱ्याच्या धोकटीतला दगड मागायचा? आमच्यात न्हाई कुणी मागत. मी मेलो तरी तू मागू नगंस."

"मग करायचं काय?"

"तू एवढा फिटर हाईस," आबा म्हणाले, "तूच बघ."

मी बघायला लागलो. तिथून माझ्या आयुष्यातले अत्यंत वैतागाचे आठ दिवस सुरू झाले.

कपाचं काय झालं ते सांगितलंच. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातून जुन्या मशीनचा चामडी पट्टा आणला. त्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट फासली आणि खुंटीला बांधून त्यावर वस्तरा पुढं-मागं ओढला. पेस्ट व्हॉल्व्हला ठीक असते, वस्तऱ्याला तिचे खडे मोठे. पात्यावर चरे उठले. आबा लांबूनच म्हणाले, "आता ह्यानं रस्ता उकरता यील." तिसऱ्या दिवशी काचेच्या तुकड्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. चरे गेले, धार गोल झाली. केस नुसता पात्यावरून घसरायचा. आबांनी मान हलवली. "पयल्यापेक्षा वाईट केलंस."

मला आश्चर्य याचं वाटायचं की हा माणूस रागावत नव्हता. त्यांच्या वडिलांचा वस्तरा मी रोज थोडा थोडा खात होतो आणि हे रोज संध्याकाळी ओट्यावर बसून नवीन काय आणलं ते विचारत होते. रागावून हिसकावून घेतला असता तर मला बरं वाटलं असतं. पण नाही. हात खिशात, डोळे वस्तऱ्यावर, आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "न्हाई झाली."

"एकदा तुम्ही स्वतः लावा की आबा! मी पेपर धरतो."

"तुला जमंना म्हून मी करू? मग मशिनीवर लोखंड कापता म्हनं तुमी, ते कसं कापता?"

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. एक वस्तरा लागत नाही आणि म्हणे फिटर. रोज एकदा तरी ते हे ऐकवायचेच, कधी जेवताना, कधी मी सायकल काढताना. माझ्या डोक्यात ते दिवसभर वाजत राहायचं.

सहाव्या दिवशी मला पाटी सुचली. शालनची शाळेतली दगडी पाटी माळ्यावर होती. तिची चौकट काढली, पाण्यानं धुतली, सपाट ओट्यावर ठेवली. पाणी शिंपडत, पातं सपाट धरत, जराही जोर न लावता दीड तास फिरवलं. कपाची कड किंवा मशीनचा पट्टा यांत आणि पाटीत फरक आहे हे हातालाच कळत होतं. पाटी ओरबाडत नव्हती. शेवटी आबांच्याच पट्ट्यावर पन्नास वेळा ओढला. केस टेकवला. वाकला. पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवल्यावर तुटला आणि खाली पडला.

मी ओरडलोच. "आबा! तुटला!"

आबा वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. तिथं मला दिसली ती काळजी, पण त्या वेळी मी ती नापसंती समजलो.

"तीनदा टेकवावा लागला," ते म्हणाले. "पोराच्या डोस्क्यावर एकाच जागी तीन-तीनदा फिरवू?"

"उद्या आणखी घासतो. उद्या एकदाच टेकवून तुटेल."

"बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी ओट्याखाली पडली होती, तीन तुकडे होऊन. "मांजरानं पाडली," आबा म्हणाले. मांजरानं पाटी पाडली! मी ते तुकडे घेऊन कितीतरी वेळ उकिडवा बसलो होतो. सगळ्यात मोठा तुकडा बोटभर रुंद. त्यावर पातं मावत नव्हतं. आई मागून म्हणाली, "भानू, आता पुरं. नगं लावूस धार."

"तू पण असंच म्हण," मी तिच्यावर खेकसलो. "उद्या माणसं दारात येतील. मी त्यांना काय दाखवू, कप?"

आईनं तुकडे माझ्या हातातून घेतले आणि उकिरड्यावर नेऊन टाकले.

त्या दिवशी सायकल काढताना आबांनी पुन्हा ऐकवलं, "बघा बाबा, तुमच्या कारखान्यात तरी काय जमतंय का." जमत नसेल तर जमवून दाखवतो, असं मनाशी म्हणत मी वस्तरा रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला.

उसाचं गळीत संपलेलं, त्यामुळं वर्कशॉपात दुरुस्तीची कामं. दुपारच्या सुट्टीत मी ग्राइंडर सुरू केला. बारीक दाण्याचं चाक होतं. हे शहाणपणाचं नाही हे मला कळत होतं. म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवली. क्षणभर टेकवायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. पाच-सहा वेळा सगळं नीट झालं. चरे निघाले, धार सरळ दिसायला लागली. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात फोरमननं दारातून हाक मारली, "काशिद, दोन नंबरच्या पंपाचं पॅकिंग झालं का?" मी मान वळवली. "संध्याकाळपर्यंत होतंय," म्हणालो. एवढंच. एवढं बोलायला लागला तेवढा वेळ पातं चाकावर होतं.

वळून बघितलं तर पात्याच्या टोकापासून मधापर्यंत निळी झाक चढली होती. पोलाद निळं झालं की त्याचं पाणी उतरलं, हे फिटरला कुणी सांगावं लागत नाही. आता त्याला धार लावली तरी राहणार नव्हती. माझ्या आजोबांच्या हातचा वस्तरा, शालनचा शब्द, सगळं मी एका वाक्यात जाळून टाकलं होतं. मी ग्राइंडर बंद केला आणि चाक थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

घरी आलो. रुमाल आबांच्या पुढं ठेवला. त्यांनी मान पुढं करून बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं.

"पाणी गेलं ह्याचं," ते म्हणाले.

"हो."

मला शिव्या हव्या होत्या. आबांनी नुसता मोठा श्वास सोडला आणि आईला हाक मारली, "वाढ गं." त्या संध्याकाळी ते दीड भाकरी जेवले. आठ दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले. माझी भाकरी ताटात तशीच होती आणि हा माणूस ठेचा मागून घेत होता. मला त्यांचा इतका राग आला की मी ताटावरून उठलो.

रविवारी सकाळी व्याह्यांची जीप आली. रंगराव उतरले, पांढराशुभ्र सदरा, केस चापून बसवलेले. मागून जावई आणि विक्रमला घेऊन शालन. तिचा चेहरा असा फुलला होता की मी तिच्याकडं बघायचं टाळलं. आल्या आल्या तिनं आबांच्या पायांवर पोराला घातलं आणि सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, दोन दिवस झाले, झोप नाही मला. कधी एकदा तुमच्या हातनं होतंय असं झालंय."

अंगणात पाट मांडला होता. गल्लीतली दहा-पंधरा माणसं जमली. मी मांडी घालून बसलो, विक्रमला मांडीवर घेतलं. गुबगुबीत पोर, डोक्यावर मऊ कुरळं जावळ. आई ओवाळून गेली. आबा समोर येऊन बसले, धोकटी पुढ्यात. त्यांनी वाटीत बोटं बुडवली नाहीत. सगळा पंजा बुडवला आणि तो ओला पंजा पोराच्या डोक्यावर ठेवला. तसाच ठेवून बसले. पोर हसलं. आबा हात उचलेनात. कुणीतरी म्हणालं, "हरिबा, मुहूर्त टळंल."

तेव्हा त्यांनी हात काढला, धोतराला पुसत खिशात घातला आणि रंगरावांकडं वळले.

"पाव्हणं, एक घोटाळा झालाय," आबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या बापाचा वस्तरा व्हता, पन्नास वर्सं चालला. ह्या आमच्या शिकल्याल्या फिटरानं त्यो कारखान्याच्या चाकावर धरला. जाळून टाकला. भानू, दाखव रं."

मी हललो नाही.

"दाखव की. लाजतोस कशाला?"

मांडीवर पोर, पळूनही जाता येईना. रुमाल माझ्याच खिशात होता. मी वस्तरा काढून दिला. तो हातोहात फिरला. निळं पातं बघून माणसं चुकचुकली, मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. "आरं, वस्तरा हाय का उसाचा कोयता?" एकजण म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात धार नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्हीच रोज म्हणत होता, मशिनीवर बघ."

"मी धार न्हाई म्हणलो. चाकावर जाळ म्हणलो व्हतो का?" आबा माझ्याकडं न बघता म्हणाले आणि अंगणात पुन्हा हशा पिकला.

रंगराव हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. त्यांनी खिशातून आपला पातं बदलायचा वस्तरा काढला आणि आबांच्या पुढं धरला. "हरिबा, ह्यानं काढा. हात तुमचाच असू दे."

"न्हाई बाबा. मला न्हाई जमायचं तुमचं ते नवं खेळणं. जन्मभर एकच मूठ धरली. तुमीच काढा. तुमीबी आजाच हाईसा त्येचं."

पोराचे केस रंगरावांनी काढले. सफाईनं काढले, एक ओरखडा नाही. मी पोराचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. समोर शालन उभी होती. तिनं सासऱ्यांकडं बघितलं नाही, आबांकडं बघितलं नाही. जावळ संपेपर्यंत ती फक्त माझ्याकडं बघत होती. मी तिचा दुश्मन असतो तरी तिनं असं बघितलं नसतं.

जेवणं झाली. जीप गेली. जाताना शालन माझ्याशी बोलली नाही. मी आत आलो आणि ट्रंकेत कपडे भरायला लागलो. कारखान्याच्या कॉलनीत खोली मागायची, या घरात परत पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. आई परातीत पीठ घ्यायला बसली होती.

"कुठं निघालास?"

"कुठंही. चार माणसांत माझी अब्रू काढली त्यांनी. आठ दिवस मला माकडासारखं नाचवलं आणि शेवटी दोष मलाच. बाप असं करतो?"

आईनं पिठाच्या डब्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला. बाहेर काढला तेव्हा तिच्या हातात एक फडक्याची गुंडाळी होती, पिठानं पांढरी झालेली. तिनं ती माझ्यापुढं ठेवली. मी सोडायच्या आधीच मला वजनावरून कळलं. तो आबांचा दगड होता.

"कुणी ठेवला हा?"

"त्यांनीच दिला ठेवायला. तू शोधायला लागलास त्येच्या आदल्या दिशी."

"आणि पाटी?"

"मांजर हाय का आपल्याकडं?" आई म्हणाली.

नव्हतं. आमच्याकडं मांजर कधीच नव्हतं. मी आठ दिवसांत ते एकदाही मनात आणलं नव्हतं.

"का पण? आई, का?"

तिनं फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं. काठोकाठ भरलं होतं. "परसात बसल्यात. पानी दिऊन ये. खाली ठिवू नगंस. हातात दे."

आबा परसातल्या फरशीवर बसले होते, हात खिशात. मी फुलपात्र पुढं केलं.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

"हातात घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग घराच्या दाराकडं बघितलं, जिथं आई उभी नव्हती. मग उजवा हात खिशातून काढला आणि फुलपात्र घेतलं. ते तोंडापर्यंत पोचलंच नाही. हात असा थरथरत होता की पाणी दोन्ही बाजूंनी उडायला लागलं. दुसरा हात मदतीला आला, तो त्याहून वाईट. सदरा भिजला, धोतर भिजलं. शेवटी त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं तेव्हा त्यात घोटभर पाणी उरलं होतं.

आठ दिवस. आठ दिवसांत आबांनी वस्तरा एकदाही हातात घेतला नव्हता. केस मला उपटायला लावला, मलाच टेकवायला लावला. आणि मी समजत होतो की हा माणूस मला हिणवतोय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुकान बंद केलं तवापासनं. दाढी करताना गावच्या सुभेदाराचा कान कापला थोडा. त्यो बिचारा कुणाला बोलला न्हाई. मी गुडघ्याचं नाव सांगितलं." ते भिजलेलं धोतर पिळत होते, तेही धड पिळता येत नव्हतं. "पोराची टाळू भरली न्हाई अजून, भानू. सकाळी हात ठिवला नव्हं मी, खाली धडधड लागत हुती. तिथं वस्तरा धरू ह्या हातानं?"

"मग तसं सांगायचं! शालनला सांगायचं, मला सांगायचं!"

"काय सांगू? हत्यार गेलं म्हणलं तर माणसं हळहळत्यात. हात गेला म्हणलं तर कीव करत्यात. व्याह्याच्या दारात पोरगी द्यायची आन् तिच्या बापाची कीव करायची त्यांनी?" त्यांनी धोतर हातातून सोडून दिलं. "धार चांगली हुती रं. पयल्या दिशी तुझं बोट कापलं, ती माझीच धार. हात चालत व्हता तवाची, शेवटची लावल्याली. तुझ्या हातनं नासंल म्हून दिला तुझ्याकडं. दुसऱ्या कुणाच्या माथ्यावर टाकनार व्हतो? तू माझा हाईस म्हून टाकलं."

मला रडू आलं. रागही तसाच होता, तो गेला नव्हता. दोन्ही एकदम आलं. आत गेलो, कोरडं धोतर आणलं, त्यांना नेसवलं. फुलपात्र पुन्हा भरून आणलं आणि या वेळी मीच ते त्यांच्या ओठांना लावलं. ट्रंक तशीच उघडी होती, ती संध्याकाळी आईनं रिकामी केली.

त्या दिवसापासून आबांची दाढी मी करायला लागलो, पातं बदलायच्या वस्तऱ्यानं, दार लावून. चार वर्षं केली. गावात कुणाला कळलं नाही. शालन वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिला सांगून टाकावं असं कितीतरी वेळा मनात आलं आणि दर वेळी आबांचं ते भिजलेलं धोतर आठवलं. आबा गेले तेव्हाही तिनं रडता रडता म्हटलंच, "एवढं एक राहिलं माझं. विक्रमचं जावळ त्यांच्या हातनं व्हायचं राहिलं." मी मान खाली घातली.

आता विक्रम स्वतः कोल्हापुरातलं सलून बघतो. गेल्या वर्षी आला आणि पणजोबांचा वस्तरा मागून घेऊन गेला. काचेच्या चौकटीत घालून त्यानं तो आरशांच्या मधे लावला आहे, निळी बाजू पुढं करून. गिऱ्हाइकं विचारतात, त्याला तेवढंच हवं असतं. परवा मी तिथं केस कापायला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरचा एकजण म्हणाला, "पातं असं निळं कसं काय हो?"

"हे बसलेत की आमचे मामा," विक्रम हसत म्हणाला. "आजोबा माझं जावळ काढणार होते ह्यानं. आदल्या दिवशी मामांनी ग्राइंडरला लावून धार काढली. खरं ना मामा?"

"खरं," मी म्हणालो. "अक्कल नव्हती तेव्हा."

सगळे हसले, मीही हसलो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"पण मामा, वस्तऱ्याला धार लावायचा दगड नव्हता का घरात?" विक्रमनं विचारलं. "न्हाव्याच्या घरात दगड नाही, असं कसं?"

"हरवला होता," मी म्हणालो.

दगड मी त्याला दिलेला नाही. तो अजून आमच्या पिठाच्या डब्यात आहे.